चित्राच्या पाठीमागचे नाव
वारली चित्रांचा संग्रह आणि रसग्रहण यांविषयी काही विचार

१९६६ साली ऑस्ट्रेलियाने पौंड-शिलिंग सोडून डॉलर हे चलन स्वीकारले. त्या वेळी निघालेल्या एक डॉलरच्या नोटेवर तिथल्या आदिवासी चित्रशैलीतली एक रचना छापलेली होती. मूळ चित्र झाडाच्या सालीवर काढलेले होते. गुर्रमिरिंगू नावाच्या पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचा प्रसंग त्यात आहे. चेक वंशाचे चित्रकार-संग्राहक कारेल कुप्का यांनी ते आर्नहेम लँड या उत्तरेकडच्या प्रदेशातून विकत घेतले आणि ते पॅरिसच्या एका संग्रहालयात गेले. त्याचे छायाचित्र फिरत फिरत नोट तयार करणाऱ्यांच्या टेबलावर आले. हे काम कुणा अनामिक, केव्हाच मरून गेलेल्या माणसाचे असणार, असे त्यांनी गृहीत धरले.

प्रत्यक्षात चित्रकार हयात होता आणि त्याने चाळिशीही गाठली नव्हती. त्याचे नाव डेव्हिड मलांगी. बोभाटा झाल्यावर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर एच. सी. कूम्ब्स १९६७ साली स्वतः मलांगींना भेटले. त्यांनी मलांगींना एक हजार डॉलर, एक पदक आणि मासेमारीचे साहित्य दिले. पुढे लोक मलांगींना ‘डॉलर डेव्ह’ म्हणू लागले.

या हकिकतीतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की मलांगींचे नाव कोणी लपवून ठेवलेले नव्हते. ते कोणी विचारलेच नाही, कारण विचारायची गरजच वाटली नाही. ‘आदिवासी चित्र’ म्हटले की ते प्राचीन, ते साऱ्या जमातीचे, आणि म्हणून ते कोणाचेच नाही, अशी ही विचारांची साखळी आहे. ती आपल्याकडेही आहे. तिचा आपल्या चित्र पाहण्यावर आणि चित्र घेण्यावर काय परिणाम होतो, हे वारली चित्रांच्या संदर्भात तपासावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भिंतीवरचे वारली

मी दिवेआगरला राहतो. चित्रकलेचे शिक्षण माझ्यापाशी नाही. जे काही कळते ते वाचून, प्रदर्शने पाहून आणि गेल्या वीसेक वर्षांत ऐपतीप्रमाणे घेतलेल्या थोड्याशा चित्रांकडे पुन्हा पुन्हा बघून. सुपारीच्या वाड्या, समुद्र आणि गणपती यांसाठी आमच्या गावी पर्यटक येतात, त्यांच्यासाठी निवासस्थाने झाली आहेत, आणि यांतल्या बऱ्याच ठिकाणी गेरूच्या रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांची माणसे नाचताना दिसतात. दोन त्रिकोणांचे धड, गोल डोके, काडीसारखे हातपाय. मालकांना विचारले तर उत्तर एकच मिळते : ‘वारली आहे, आपली पारंपरिक कला.’

यातल्या ‘आपली’ या शब्दाशी मी अडखळतो. वारली समाजाची वस्ती पालघर-ठाण्याच्या उत्तर भागात, नाशिकच्या डोंगरपट्ट्यात, गुजरातच्या सीमेलगत आणि दादरा-नगर हवेलीत आहे. श्रीवर्धन तालुक्यात नाही. आमच्या भागातले आदिवासी म्हणजे कातकरी. वाडीत राबायला येतात तेही तेच. त्यांच्या जगण्यातले काही या भिंतींवर येत नाही. भिंतीवरचा आदिवासी दूरचा आणि नाचणारा असतो, जवळचा आदिवासी कुंपणापाशी काम करत असतो. भिंत रंगवणारा बहुधा पाट्या रंगवणारा कारागीर असतो. तो आपले काम चोख करतो, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण मी पाहिलेल्या एकाही भिंतीवर कोणाची सही नाही.

याच गावात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा, ताम्रपट मिळालेला आहे. मराठीच्या जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्या पत्र्यावर व्यवहाराशी संबंधित माणसांची नावे कोरलेली आहेत. जवळजवळ हजार वर्षांपूर्वी आमच्या गावाला नाव लिहून ठेवण्याचे मोल कळत होते, ही गोष्ट मला या भिंतींपुढे हटकून आठवते.

अनामिकता कुठे सुरू होते?

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. वारली परंपरेत चित्रावर नाव घालण्याची पद्धतच नव्हती, मग आज नावाचा आग्रह धरणे म्हणजे शहरी खूळ नव्हे काय?

परंपरा काय आहे ते आधी पाहू. कारवीच्या काठ्यांची, शेणामातीने लिंपलेली भिंत असते. लग्नाच्या वेळी तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. तो सवाशिणी लिहितात. चौकात पालघट देवी असते, शेजारच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव असतो. धवलेरी लग्नविधीची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. म्हणजे हे चित्र शोभेचे नाही, तो विधीचा भाग आहे, आणि त्याचा अधिकार बायकांचा आहे.

त्यावर नाव नसते हे खरे. पण त्या घरात, त्या पाड्यावर, चौक कोणी लिहिला हे साऱ्यांना ठाऊक असते. कोणाचा हात चांगला आहे, कोणाला बोलवायचे, हेही ठाऊक असते. तिथे नाव लिहायची गरज नसते, कारण माणूस समोर असतो. चित्र पाड्याबाहेर पडले, कागदावर आले, मुंबईला गेले, की माणूस मागे राहतो. अनामिकता सुरू होते ती तिथे. ती परंपरेतून आलेली नाही. ती प्रवासात चिकटलेली आहे. म्हणून प्रवासाला निघालेल्या चित्राबरोबर नाव पाठवणे हे परंपरेच्या विरोधात जात नाही. पाड्यावर जे सगळ्यांना माहीत होते, तेच त्यामुळे पुढच्या माणसापर्यंत पोचते.

आणखी एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. मराठी वाचकाला वारली भेटले ते चित्रांतून नव्हे, गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकातून. १९४५ साली वारल्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला तो वेठबिगार आणि लग्नगडी या पद्धती मोडण्यासाठी. लग्नासाठी कर्ज काढायचे आणि त्यापायी नवराबायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचे, हा लग्नगडीचा अर्थ. ज्या लग्नासाठी चौक लिहिला जाई, तेच लग्न माणसाला गहाण टाकत असे. ‘निसर्गाशी एकरूप झालेला आनंदी आदिवासी’ असे वर्णन हॉटेलांच्या माहितीपत्रकांत येते, तेव्हा हा इतिहास पुसला जातो.

दोन मास्तर, दोन भिंती

कागदावरची वारली चित्रकला १९७०च्या दशकात जन्माला आली, ही तारीख ठामपणे सांगायला हवी. विणकर सेवा केंद्राशी संबंधित चित्रकार भास्कर कुलकर्णी आधी १९६६-६७च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून मिथिलेत गेले होते. तिथल्या बायकांना त्यांनी कागद दिले. पुढे ते डहाणूच्या बाजूला आले, पाड्यांवर राहिले आणि तिथेही कागद-रंग दिले. गंजाड इथल्या कळंबीपाड्यावरचे जिव्या सोमा म्हसे त्यांना इथे भेटले. म्हसे यांचा जन्म १९३४चा. चौक लिहिणे बायकांचे काम, पण या पुरुषाला रेषेचा छंद होता. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांची चित्रे लागली, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले.

जवळजवळ त्याच काळात ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी असेच काही घडत होते. पापुन्या ही सरकारने वसवलेली वसाहत. १९७१ साली तिथे जेफ्री बार्डन नावाचा शाळामास्तर आला. गावातल्या जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीची कथा रंगवली. ही चित्रे एरवी वाळूवर आणि अंगावर काढली जात. मग ती फळ्यांवर, पुढे कॅनव्हासवर आली. १९७२ साली चित्रकारांनी ‘पापुन्या तुला’ ही स्वतःच्या मालकीची कंपनी काढली. शाळेची ती भिंत मात्र पुढे दोन-तीन वर्षांत रंग फासून पुसून टाकली गेली.

दोन्ही ठिकाणी बाहेरून आलेला एक माणूस, दोन्ही ठिकाणी भिंतीवरून कागदावर उतरलेली रेषा. फरक पुढे पडला. पापुन्या तुलाच्या चित्राला एक क्रमांक मिळू लागला. त्यात चित्रकाराची आद्याक्षरे, वर्ष आणि महिना असतो. सोबत कथा कोणती, ती कोणत्या जागेची, याची नोंद असते. ‘समकालीन कला’ या दालनात ती चित्रे गेली, याचे एक कारण ही साधी कारकुनी आहे. आपण मात्र वारली चित्रे हस्तकलेच्या दुकानात ठेवली आणि ‘हजारो वर्षांची परंपरा’ अशी चिठ्ठी लावली. ज्या चित्राला हजारो वर्षे झाली त्याला गेल्या पावसाळ्यात काढणारा माणूस कसा असेल?

एकदा ही दोन्ही घराणी एका छपराखाली आली. १९८९ साली पॅरिसमध्ये ज्याँ-उबेर मार्तँ यांनी ‘पृथ्वीचे जादूगार’ अशा अर्थाच्या नावाचे मोठे प्रदर्शन भरवले. त्यात युएंदुमू गावच्या वारल्पिरी चित्रकारांनी जमिनीवर मातीचे चित्र केले. त्याच प्रदर्शनात म्हसे यांचे काम होते. वारली आणि वारल्पिरी हे नामसाम्य निव्वळ योगायोगाचे, पण तिथे दोघेही आपापल्या नावाने होते हे महत्त्वाचे. २०१५ साली ब्रिस्बेनच्या आशिया-पॅसिफिक त्रैवार्षिक प्रदर्शनात ‘कल्पवृक्ष’ या विभागात वारली चित्रकार गेले, तेही नावाने. परदेशात नावाने आणि आपल्याकडे भिंतीवर बिननावाने, असा हा व्यवहार आहे.

रेषा कशी पाहावी

नावाचा आग्रह केवळ न्यायासाठी असता तर हा लेख कायद्याच्या मासिकात द्यावा लागला असता. माझे म्हणणे असे की नावाशिवाय ही चित्रे नीट दिसतच नाहीत.

म्हसे यांची जाळ्याची चित्रे घ्या. कागदाचा बहुतेक भाग जाळ्याने व्यापलेला असतो. बारीक, दाट वीण, आणि ती एकसारखी नाही. कुठे ताणलेली, कुठे सैल, कुठे पाण्याच्या ओढीने कललेली. माणूस कोपऱ्यात लहानसा. आमच्याकडे खाडीवर पाग टाकताना रोज दिसतो. जाळे हवेत उघडते तो क्षण आणि पाण्यात बसल्यानंतरचा त्याचा जडपणा यांत फरक असतो, आणि तो फरक या रेषेत आहे. ही रेषा बांबूच्या काडीची. काडीचे टोक चावून मऊ केलेले असते. ती पिठात बुडवून टेकवली की सुरुवातीला थेंब जाड बसतो, पुढे ओल कमी होत जाते, रेषा बारीक होते, मग पुन्हा बुडवावी लागते. चित्र जवळून पाहिले तर हे श्वास मोजता येतात. ब्रश आणि तैलरंगाने काढलेल्या भिंतीवरच्या नकलेत रेषा आरंभापासून शेवटपर्यंत सारख्या जाडीची असते. नक्कल ओळखायची ती इथे.

दुसरी खूण तारप्याच्या नाचाची. तारपा वाजवणारा मध्ये आणि नाचणारे त्याच्याभोवती, हे साऱ्यांना ठाऊक आहे. चांगल्या चित्रात ही मांडणी शंखासारखी वळत जाते, तिचे एक टोक मोकळे असते, माणसे वळणावर दाटतात आणि बाहेर सुटी होतात. प्रत्येकाच्या कमरेतला झोक वेगळा असतो. नकलेत तिचे बंद वर्तुळ होते आणि ठशाने उमटवल्यासारखी एकाच मापाची माणसे त्यावर बसतात. त्यांना पाय असतात, पण वजन नसते.

एकदा एका हाताची ओळख पटली की दुसरा हात वेगळा दिसू लागतो. गंजाडचेच राजेश वांगड यांनी छायाचित्रकार गौरी गिल यांच्याबरोबर केलेले काम पाहा. गिल यांनी तिथल्या परिसराची छायाचित्रे काढली आणि वांगड यांनी त्यांच्यावर रेषा काढल्या. रिकाम्या दिसणाऱ्या माळावर गावाच्या आठवणी, देव, झाडे आणि येऊन गेलेली संकटे दाटीने उभी राहतात. २०१७च्या ‘डॉक्युमेंटा’ प्रदर्शनात हे काम होते आणि दोघांच्या नावाने होते. म्हसे यांची रेषा मोकळ्या जागेवर विसंबते, वांगड जागा कथांनी भरून टाकतात. ‘वारली शैली’ या एका शब्दात हे दोघे कोंबले की दोघेही हरवतात. हुसेन आणि गायतोंडे यांना आपण ‘मुंबई शैली’ म्हणून एका खोक्यात घालत नाही.

किंमत कोणाला मिळते

आता व्यवहाराकडे. क्लिफर्ड पॉसम जापाल्जारी या पापुन्याच्या चित्रकाराने १९७७ साली काढलेले ‘वार्लुगुलाँग’ हे विशाल चित्र तेव्हा १,२०० डॉलरला गेले. २००७ साली लिलावात त्याला २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आले. चित्रकार २००२ सालीच वारला होता आणि त्याच्या वारसांना यातला एक डॉलरही मिळण्याची कायद्यात सोय नव्हती. त्यानंतर, २००९ साली, तिथे पुनर्विक्री-मानधनाचा कायदा झाला. जून २०१० पासून एक हजार डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या पुनर्विक्रीवर चित्रकाराला किंवा वारसांना पाच टक्के मिळतात.

आपल्याकडे अशी तरतूद त्याच्या कितीतरी आधी झालेली आहे, हे अनेक संग्राहकांच्या गावीही नसते. १९५७च्या प्रताधिकार कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने ५३-अ हे कलम आले. मूळ चित्र दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा दहा टक्क्यांपर्यंत असू शकतो. कलम ५७ प्रमाणे आपले काम आपल्या नावाने ओळखले जाण्याचा हक्कही चित्रकाराला आहे. पण ज्या चित्रावर नावच नाही त्याचा वारस कोण ठरवणार? नाव गेले की हक्क आपोआप जातो.

२०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. ते स्वागतार्ह आहे. पण त्याने ‘वारली’ या नावाचे आणि प्रदेशाचे रक्षण होते. एखादे विशिष्ट चित्र कोणाच्या हातचे, हा प्रश्न त्याच्या कक्षेत येत नाही. जमातीचा हक्क आणि चित्रकाराचा हक्क एकमेकांच्या आड येतात असेही नाही. १९९८ साली बुलुन बुलुन या चित्रकाराच्या चित्राची कापडावर चोरून छपाई झाल्याच्या खटल्यात ऑस्ट्रेलियन न्यायालयाने म्हटले, की प्रताधिकार चित्रकाराचा, पण त्या कथा ज्या कुळाच्या आहेत त्या कुळाप्रति विश्वस्तासारखे वागण्याचे त्याच्यावर बंधन आहे. आपल्याकडेही पालघट देवीचा चौक विकायच्या कागदावर यावा की नाही, आणला तर कसा, हे ठरवायचा अधिकार वारल्यांचाच, आणि त्यांतही सवाशिणींचा आधी. घेणाऱ्याने तो चौक मागू नये, एवढे पथ्य मी पाळतो.

घेणाऱ्याचे काम

संग्रह हा शब्द मोठा आहे. माझ्यासारख्याकडे असतात ते चारदोन कागद आणि कापडाचे तुकडे. तरीही काही गोष्टी कोणालाही करता येतात. चित्र शक्यतो चित्रकाराकडून, किंवा त्याचे नाव सांगणाऱ्याकडूनच घ्यावे. पूर्ण नाव, पाडा, गाव, तालुका, काढल्याचे वर्ष, दिलेली किंमत आणि चित्रकाराने सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावी. घरातल्या बायकोने किंवा लेकीने जागा भरायला हात लावला असेल तर तिचेही नाव लिहावे. ते विचारल्याशिवाय सांगितले जात नाही. पावती घ्यावी आणि चित्राबरोबर ठेवावी. घासाघीस करताना ज्या चित्रावर माणसाचे आठ दिवस गेले त्याचे आपण रोजंदारीने किती देतो आहोत, हा हिशेब मनात करून पाहावा.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक काळजी. शेण आणि गेरूचा हात दिलेल्या कापडाला खारी, दमट हवा मानवत नाही. पावसाळ्यात बुरशी येते, कागदाला कसर लागते. कापडाची घडी घालू नये, रंग घडीवर तडकतो. सुटे ठेवायचे तर सैल गुंडाळावे. चौकट भिंतीला चिकटवून न टांगता मागे बोटभर हवा खेळू द्यावी, आणि पाठ कायमची बंद करू नये, कारण नाव तिथे लिहिलेले असते.

ज्यांना चित्र घ्यायचे नाही, फक्त भिंत रंगवून हवी आहे, त्यांनाही मार्ग आहे. डहाणू-तलासरीच्या बाजूला आज अनेक तरुण वारली चित्रकार काम करतात. त्यांना चार दिवस बोलवावे, राहायची-जेवायची सोय करावी, योग्य मोबदला द्यावा. भिंतीवर काय काढायचे हे त्यांच्यावर सोपवावे. समुद्र पाहून ते कदाचित तारप्याचा नाच काढणारही नाहीत, आमच्या होड्या काढतील, सुपारी सोलणारी माणसे काढतील. काम झाल्यावर खालच्या कोपऱ्यात त्यांना सही करायला सांगावे. आमच्या गावातल्या दोन निवासस्थानांच्या मालकांशी मी हे बोललो आहे. एकाने खर्च विचारला. दुसऱ्याने विचारले, ‘नाव लिहिले तर पाहुणे त्यांनाच फोन करतील ना?’ करतील. करावाच.